खांबावर चढण्याआधी



आषाढ लागला की आपल्याकडे दोन चौकश्या एकदमच सुरू होतात, एक पेरणीची आणि दुसरी पोरांच्या पुढच्या वाटेची. ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन बसली आहे, पदवी घेऊन आली आहे, किंवा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन-वायरमनचा अभ्यासक्रम पुरा करून मोकळी झाली आहे, त्या घरात कधीतरी मोबाइलवर एक पत्र येते. पोरगा ते मोठ्याने वाचून दाखवतो. आपली एक वर्षासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली आहे, अमुक तारखेला पुण्याच्या कार्यालयात मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. खाली वीज कंपनीचे नाव. आई देवापुढे साखर ठेवते आणि वडील पारावर जाऊन सांगतात, "पोरगं एमएसईबीत लागलं."

तर पहिली गोष्ट ही की पोरगे अजून लागलेले नाही. आनंदात मिठाचा खडा टाकण्याचा हेतू नाही, पण सोयरीक जुळवणारे दारात येऊ लागण्याआधी एवढे समजून घेतलेले बरे. आणि ती एमएसईबीही आता त्या नावाने उरलेली नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याची वाटणी झाली. वीज तयार करते ती महानिर्मिती, मोठ्या मनोऱ्यांवरून वाहून नेते ती महापारेषण, आणि आपल्या मीटरपर्यंत आणून सोडते ती महावितरण. तिघींकडेही शिकाऊ उमेदवार घेतले जातात. पत्र कोणाचे आहे ते आधी पाहा, कारण वर्षभर पोराच्या हाताला काय काम लागणार ते त्यावर ठरते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. आधी तो फिटर, टर्नर, वायरमन अशा कारागिरीच्या धंद्यांपुरता होता. १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पदवी-पदविका घेतलेले इंजिनिअरही त्यात आले. या कायद्याचे अठरावे कलम सरळ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षण घेणारा आहे, कामगार नव्हे. वर्ष संपल्यावर त्याला नोकरीत घ्यायचे की नाही याचे धोरण ज्याने त्याने ठरवायचे, असे २०१४ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. जे पैसे मिळतात त्याला विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांत त्याची कमीत कमी रक्कम महिन्याला आयटीआयवाल्यास ७,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० अशी ठरवली गेली. त्याहून जास्त देण्यास कोणाला मनाई नाही, आणि असे आकडे मधूनमधून बदलतात, म्हणून हातातल्या पत्रात काय लिहिले आहे तेच खरे धरावे.

मग नोकरी नाही, पगार नाही, तर घरची खुरपणी सोडून वर्षभर पुण्याला कशाला पाठवायचे? हा प्रश्न वडीलमाणसे विचारतात आणि तो अगदी रास्त आहे.

कागदावरचे उत्तर आधी देतो. वर्ष नीट पार पाडले की पदवी-पदविकावाल्यास मुंबईच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळते. आयटीआयवाल्यास परीक्षा द्यावी लागते आणि ती उतरली की राष्ट्रीय पातळीचे प्रमाणपत्र हाती येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या एका खटल्यात असे सांगितले की बाकी सगळे समान असेल तर नोकरभरतीत प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराला इतरांच्या आधी पसंती द्यावी. बाकी सगळे समान असेल तर, हे शब्द मात्र विसरू नका. परीक्षेत गुण कमी पडले तर नुसते प्रमाणपत्र पुढे करून कोणी आत घेणार नाही. वीज कंपन्यांच्या भरतीची जाहिरात येते तेव्हा शिकाऊ उमेदवारांसाठी त्यात काही वाटा ठेवला आहे का, ते बारकाईने वाचावे. जाहिरातीचा शेवटचा बारीक टाइप कोणी वाचत नाही आणि नेमके तिथेच काहीतरी असते.

पण माझ्या मते या वर्षाची खरी किंमत कागदात नाही, आणि ती समजायला आपण पोराच्या मागोमाग पुण्यात जाऊन पाहिले पाहिजे.

वीज शिकायला पुणे चांगले. रास्ता पेठेतल्या वीज कार्यालयाच्या परिसराला पुणेकर अजूनही पॉवर हाऊस म्हणतात आणि चौकालाही तेच नाव आहे. सेनापती बापट रस्त्यावर महावितरणचे प्रकाशभवन आहे. त्या रस्त्यावरून जाताना शेतकऱ्याच्या पोराने एक आठवण ठेवावी. ज्यांचे नाव रस्त्याला दिले ते पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते मुळशीच्या सत्याग्रहात. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी पेट्यातली गावे आणि भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९२१ ते १९२४ या काळात तिथल्या मावळ्यांनी लढा दिला. धरण झालेच. त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात गेले आणि तिथून १९२७ पासून वीज मुंबईकडे वाहू लागली. त्या सत्याग्रहाच्या सेनापतीच्या रस्त्यावर आज वीज कंपनीचे कार्यालय आहे. असो, आपला विषय दुसरा आहे.

पहिले काही आठवडे पोराला वाटते की आपण फसलो. पदविकेला तीन वर्षे त्याने सूत्रे पाठ केलेली असतात, आणि इथे त्याला उपकेंद्राच्या कोपऱ्यात उभे करून सांगतात, बघत राहा. दर तासाला मीटरवरचे आकडे वहीत उतरवायचे. कुठल्या फीडरवर किती अँपिअर, तेलाचे तापमान किती. भांडारात जाऊन सामानाची नावे शिकायची: पिन इन्सुलेटर, डिस्क इन्सुलेटर, जम्पर, लग, केबल ग्लँड. कॉलेजात रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर कागदावर दोन वेटोळ्यांचे चित्र असते. इथे ते घराएवढे धूड असते, गुरगुरत असते, त्याला तेल पाजावे लागते, आणि त्याच्या श्वासाच्या नळीतली निळी खडी ओलावा पिऊन गुलाबी पडली की बदलावी लागते. ही खडी हाताने बदलली की ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो म्हणजे काय ते डोक्यात पक्के बसते. तापला की तेल फुगते, निवला की आकसते, आणि आकसताना बाहेरची दमट हवा आत ओढते. ओलावा तेलात गेला की विजेला अडवण्याची तेलाची ताकद घटते. गोणीतले बी दमट जागी ठेवू नये हे ज्या घरात आजीपासून सगळ्यांना कळते, त्या घरच्या पोराला हे समजायला वेळ लागत नाही.

त्याला शिकवणारा माणूस बहुधा साहेब नसतो. साहेब मीटिंगमध्ये असतात. शिकवतो तो जुना लाइनमन, ज्याला पोरे मामा म्हणतात. मामांचे शिक्षण पोरापेक्षा कमी असते. पदवीवाल्या काही मुलांना हे पहिल्यांदा टोचते. पण मामा ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावरून सांगतात की एका फेजवर बोजा जास्त पडला आहे, आणि आकडे काढून पाहिले तर तसेच निघते. ज्या मुलाने मामांचा मान राखला त्याचे वर्ष सोन्याचे होते. जो इंजिनिअर म्हणून मिरवला तो कागद सांभाळत बसला. हा ज्याचा त्याचा स्वभाव.

पुणे शहरात बरीचशी वीज जमिनीखालून केबलने फिरते, आणि वरची दाबाची केबल २२ हजार व्होल्टची असते. पावसाळ्यात, नाहीतर कोणी रस्ता खणताना घाव घातला की केबल बिघडते. पण जमिनीखाली तीन-चार फुटांवर, दीड किलोमीटरच्या अंतरात नेमकी कुठे? सगळा रस्ता उकरता येत नाही. मग गाडी येते. केबलमध्ये एक ठोका सोडतात, तो बिघाडापाशी आपटून परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर अदमासाने काढतात. नंतर तेवढ्या टप्प्यात जोराचे ठोके सोडतात आणि एक माणूस जमिनीवर ऐकण्याचे यंत्र टेकवून, कानाला लावून, पाऊल पाऊल पुढे सरकतो. जिथे 'धप्' असा आवाज सगळ्यात मोठा, तिथे खणायचे. रात्री वाहतूक थांबली की हे काम चांगले होते. आपल्याकडे पाइपलाइन जमिनीत फुटली की आपणही असाच अंदाज घेत बांधाबांधाने फिरतो. हा धप् आवाज ज्याने पहाटे दोन वाजता एखाद्या पेठेत ऐकला, आणि खणल्यावर बरोबर तिथे काळे पडलेले केबल पाहिले, तो मुलगा विद्युत अभियांत्रिकी कायमची शिकला असे समजा.

आता ज्या गोष्टीसाठी हा मजकूर लिहायला घेतला तिच्याकडे येतो. या वर्षात पोर सगळ्यात मोलाचे जे शिकते ते म्हणजे वीज बंद कशी करायची. तुम्ही म्हणाल, यात शिकायचे काय, बटण खाली केले की बंद. तसे नसते.

लाइनवर काम करायचे असेल तर मामा आधी उपकेंद्राला कळवतात. तिथला माणूस ब्रेकर पाडतो. मग आयसोलेटर उघडतो, म्हणजे लाइन खरोखर तुटलेली डोळ्यांना दिसते. त्याला कुलूप लावतो, माणसे काम करीत आहेत अशी पाटी टांगतो. मग लेखी परमिट देतो, त्यावर वेळ आणि सही. तोंडी निरोपावर काम नाही. 'चार वाजता लाइन चालू करा, तोपर्यंत आमचं होईल' असे तर कधीच नाही, कारण दोन माणसांची घड्याळे सारखी नसतात आणि काम कधी वेळेत संपत नाही. परमिट हातात आले तरी मामा लगेच चढत नाहीत. लाइन मेली आहे की नाही ते लांब दांड्याच्या साधनाने तपासतात. मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाइन जमिनीला जोडतात, म्हणजे अर्थिंग करतात. मग हेल्मेट, हातमोजे, कमरेचा पट्टा. आणि मग पाय खांबावर.

इतके सगळे केल्यावर दोन्ही बाजूंना अर्थिंग कशाला, हा प्रश्न शिकाऊ पोरे हटकून विचारतात. उत्तर ऐकण्यासारखे आहे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही अंगांनी चालतो. ११ हजार व्होल्ट एका बाजूने घातले तर दुसऱ्या बाजूने आपली घरगुती वीज निघते. आणि घरगुती दाबाची वीज उलट्या बाजूने घातली तर वरच्या बाजूला पुन्हा ११ हजार व्होल्ट उभे राहतात. समजा त्या खालच्या लाइनवर एखादे मंगल कार्यालय आहे, वीज गेली म्हणून तिथे जनरेटर लावला, आणि लावणाऱ्याने मेन स्विच पाडलाच नाही. ती वीज गुमान तारेवरून डीपीत जाते, आणि ज्या लाइनला उपकेंद्रात कुलूप आहे ती लाइन मागून जिवंत होते. अर्थिंग केलेले असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर खांबावरच्या माणसातून जाते.

काम झाले की माणसे मोजायची, हत्यारे मोजायची, अर्थिंग काढायचे, आणि ज्याच्या नावाने परमिट घेतले त्याने स्वतः ते परत करायचे. दुसऱ्या कोणी नाही. शिकाऊ उमेदवार हे सगळे शेकडो वेळा पाहतो, देखरेखीखाली त्यातले थोडे थोडे करतो. लाइनवर आपल्या जबाबदारीने काम करण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार नेमून दिलेल्या माणसाचा.

वर्षभर हे सगळीकडे सारखेच नीट होते असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी शिकाऊ पोराला चहा आणायला, झेरॉक्स काढायला, बिलांचे गठ्ठे लावायला ठेवतात. थोडेफार हे काम प्रत्येकाच्या वाट्याला येते, त्याचे दुःख नको. बिलाच्या टेबलावर बसूनही मीटर, तक्रारी आणि माणसे कळतात. पण तीन-तीन महिने तेच चालले तर पोराने गप्प बसू नये. रोज काय काम केले त्याची नोंदवही ठेवायची असते. ती तारीखवार लिहावी, साहेबांची सही घ्यावी. 'उपकेंद्राचे काम अजून पाहिले नाही' असे त्या वहीच्या आधाराने नम्रपणे विचारता येते. करारपत्रावर सही करण्याआधी ते घरी सगळ्यांनी वाचावे. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते, तेव्हा अंगठा उठवून मोकळे होऊ नका. प्रशिक्षणाच्या कामात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, हे कायद्यातच लिहिलेले आहे, आणि त्यासाठी करार नोंदलेला असणे बरे.

पुण्यातल्या राहण्याखाण्याचे काय सांगावे! पेठांमधून कॉट बेसिसवर जागा मिळते, एका खोलीत चौघे. विद्यावेतनातून खोली, खानावळ आणि बसचा पास भागवता भागवता महिनाअखेर ओढाताण होते. घरून पीठ, डाळी, शेंगदाण्याची चटणी पोचती केलीत तर पोराला तेवढाच आधार. एस.टी.तून डबा पाठवायची आपली जुनी रीत अजून कित्येक गावांतून चालू आहे. मुलींच्या आईबापांनाही एक सांगतो. खांबावर चढणाऱ्या मुली आज महावितरणमध्ये आहेत, तेव्हा 'हे काम बायकांचं नाही' हे वाक्य आता जुने झाले. राहण्याची सोय मात्र आधी स्वतः जाऊन पाहावी.

मग दिवाळीला पोर सुट्टीवर गावी येते. इथे खरा घोटाळा होतो, आणि तो घोटाळा पुण्यात होत नाही, आपल्या गावात होतो.

रात्रीची लाइट आहे, कांद्याला पाणी चालू आहे, आणि डीपीवरचा डीओ उडतो. वायरमन दुसऱ्या गावात अडकलेला. कोणीतरी म्हणतो, अरे, तमक्याचं पोरगं आलंय ना, एमएसईबीत आहे ते. दहा माणसे बॅटऱ्या घेऊन दारात. त्यात चुलते असतात, सोसायटीचे चेअरमन असतात, ज्यांच्याकडून गेल्या वर्षी ट्रॅक्टर उसना आणला तेही असतात. पोराला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटले तर "पुण्याला जाऊन शहाणं झालं" हे ऐकावे लागते. एकवीस-बावीस वर्षांचे पोर, सगळ्या गावासमोर कसब दाखवायची संधी. ते पान्हा खिशात घालून निघते.

त्या रात्री त्याच्याजवळ काय नसते ते मोजा. परमिट नाही. उपकेंद्रात कुलूप नाही, पाटी नाही. अर्थिंगची साखळी नाही. हातमोजे नाहीत. आहे ते एवढेच की डीपीचा दांडा कोणीतरी खाली ओढला आहे आणि खालून सगळे ओरडत आहेत, "बंद आहे, बंद आहे." पण तो दांडा ओढला की वरची तीन पाती उघडली पाहिजेत. जुन्या, गंजलेल्या स्विचमध्ये एखादे पाते चिकटून राहते. दिवसा नजर टाकली तर दिसते. रात्री बॅटरीच्या उजेडात दिसत नाही. दोन फेज मेलेल्या आणि एक जिवंत. शिवाय दांडा ओढला तरी त्याच्या वरची लाइन जिवंतच असते, आणि डीओ तिथून फार लांब नसतो. बांबूला फडके बांधून डीओ बसवणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. ओल्या बांबूतून वीज जाते, एवढेच लिहितो.

म्हणून तुम्हा वडीलधाऱ्यांना विनंती आहे. या प्रसंगी बोलायचे काम पोराचे नाही, तुमचे आहे. बाप दारात उभा राहून म्हणाला पाहिजे, "त्याला परवानगी नाही. तो शिकतोय. वायरमनला फोन लावा." आईने म्हटले तर आणखी उत्तम, आईपुढे चेअरमनही फार बोलत नाहीत. कांद्याची एक पाळी चुकली तर चुकली. हे पाणी देणाऱ्या माणसाला किती जड जाते ते मला माहीत आहे, पिकाचे नुकसान खोटे नसते. तरीही.

याचा अर्थ शिकून आलेल्या पोराचा गावाला काही उपयोग नाही असे नव्हे. मीटरच्या अलीकडे, आपल्या घरात आणि मळ्यात, मेन स्विच पाडून, त्याने करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी रात्रीची बॅटरी लागत नाही.

त्याला आधी स्टार्टरची पेटी उघडून दाखवायला सांगा. तीन फेजपैकी एक गेली आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोन तारांतून जवळजवळ पावणेदोनपट प्रवाह वाहू लागतो आणि वेटोळे जळते. दर हंगामात मोटारी जळतात त्यातल्या कितीतरी अशाच. त्याला अडवणारे साधन मिळते, ते बसवले आहे की कोणी त्याच्या तारा जोडून बाजूला सारले आहे, ते पाहावे. मग कपॅसिटर. योग्य क्षमतेचा आणि चालू स्थितीतला कपॅसिटर पंपाला असेल तर तारेतून वाहणारा प्रवाह कमी होतो आणि डीपीवरचा बोजा हलका पडतो. एका डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर फरक सगळ्यांनाच जाणवतो. एकट्याने लावून शेजाऱ्याने लावला नाही तर निम्मे मुसळ केरात. ऑटो स्विचचेही तसेच. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, घरबसल्या सोय आहे खरी. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की सुरुवातीचा मोठा प्रवाह एकदम डीपीवर येतो, आणि रात्री उडालेला तो डीओ बहुधा त्यामुळेच उडालेला असतो. तुमचा पोरगा हे वहीवर मांडून दाखवू शकेल. पारावर बसून त्याने एवढे समजावले तरी गावावर उपकार होतील.

आणि फ्यूज. फ्यूजची तार वारंवार उडते म्हणून तिथे जाड तार पिळून बसवायची खोड आपल्याकडे घरोघरी आहे. त्याहून मोठा गैरसमज असा की फ्यूज आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे. पाच हॉर्सपॉवरचा पंप साधारण सात अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे फ्यूज त्याहून जास्त सोसणारा हवा. माणसाच्या छातीतून ३० मिली-अँपिअरहून जास्त प्रवाह थोडा वेळ गेला तरी काळजाचे ठोके बिघडू शकतात. सात अँपिअरच्या दोनशेव्या हिश्श्यापेक्षाही तो कमी आहे. तेव्हा माणूस तारेला चिकटला तरी फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही. फ्यूज तारेसाठी आणि मोटारीसाठी आहे. माणसासाठी वेगळे यंत्र मिळते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात ३० मिली-अँपिअरचा फरक पडला तरी ते वीज तोडते. दुकानात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणून मागावे. घराच्या आणि गोठ्याच्या लाइनवर ते बसवून घ्या, आणि त्याच्यावर तपासणीचे जे लहान बटण असते ते मधूनमधून दाबून पाहा.

गोठ्याचे नाव मुद्दाम घेतले. पावसाळ्यात लोखंडी खांबात किंवा तणाव्यात वीज उतरली की आजूबाजूच्या ओल्या जमिनीतही ती पसरते, आणि खांबापासून जसजसे दूर जावे तसतसा तिचा जोर कमी होतो. माणसाची दोन पावले जवळ असतात, पायात चप्पलही असते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, म्हणून दोन पायांतला विजेचा फरक मोठा पडतो, आणि तो प्रवाह पोटाछातीतूनच जातो. म्हणून माणसाला नुसती मुंगी आली असे वाटते तिथे बैल जागच्या जागी कोसळतो. खांबाला, तणाव्याला जनावर बांधू नका. खांबाजवळ मुंगी आल्यासारखे वाटले तर जनावरे आधी दूर न्या, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्या. नंबर लिहून घेतलेला असला की दुसऱ्या दिवशी सेक्शन ऑफिसात बोलणे सोपे जाते.